मागच्या चाकाचा वाद

बजाजची पल्सर १८० बाजारात आली ती २००१ च्या अखेरीस. पुढच्या चाकाला डिस्क, मागच्याला १३० मि.मी.चा ड्रम. २००७ मध्ये पल्सर २२० आली तेव्हा तिला मागेही डिस्क मिळाली आणि २०१८ मध्ये दीडशे सीसीच्या पल्सरचीही तशी आवृत्ती निघाली. दरम्यान विकल्या गेलेल्या ड्रमवाल्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. भंडारा जिल्ह्यात एमएच-३६ नंबरच्या अशा कितीतरी पल्सर दिसतात. बापाने हौसेने घेतलेल्या, आता मुलाच्या हाती आलेल्या. आणि त्या मुलाच्या मनात कधी ना कधी येतंच, की मागचा ड्रम काढून डिस्क बसवून घ्यावी.

साकोलीतल्या एका गॅरेजवर हा वाद मी मामा-भाच्यांत ऐकला. गॅरेज मामाजींचं, पल्सर भाच्याची. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, लाखांदूर रस्त्यावरच्या गावातून रोज साकोलीला ये-जा करणारा. दोघंही जाणकार आहेत आणि दोघांनाही मुद्दा सोडवत नाही. माझं मत एका बाजूला झुकतं, ते मी लपवणार नाही. पण आधी त्यांचं म्हणणं.

भाच्याने सुरुवातच सामानापासून केली. नागपुरात एका मोडीत निघालेल्या २२० चा मागचा अख्खा सेट विकायला होता.

"मामाजी, चाक धरणारा चिमटा, चाक, डिस्क प्लेट, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, पॅडल, सगळं एकाच गाडीचं आहे. जोडजमाव काहीच करायचा नाही."

"गाडी मोडीत कशानं निघाली?"

"ते नाही विचारलं."

"मग पहिले ते विचार. अपघाताची असन तर चिमटा वाकडा असू शकते. डोळ्याले दिसत नाई. चाक सरळ बसलं नाई की चेन एका बाजूनं स्प्रॉकेट खाते, अन् वळणावर गाडी आपल्याच मनानं चालते. ब्रेक सुधारता सुधारता गाडी बिघडवून बसशील."

"समजा चिमटा सरळ निघाला, तर?"

"तर मंग मले सांग, तुले आत्ता कमी काय पडून राहिलं?"

खरा प्रश्न हाच होता आणि भाच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. आषाढात त्या रस्त्याने गेलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. रोवणीचे दिवस आले की धानाच्या बांधीत चिखलणी करून ट्रॅक्टर केजव्हीलसकट डांबरावर चढतात. दोन्ही चाकांमागे ओल्या चिखलाचे पट्टे पडत जातात. वैनगंगेची रेती भरून निघालेले टिप्पर ओली रेती सांडत जातात आणि ती नेमकी वळणावर जमते. शेजारी जंगल, त्यामुळे संध्याकाळनंतर रानडुक्कर कधी आडवं येईल याचा नेम नाही.

"परवा असाच ट्रॅक्टर बांधीतून निघाला," भाचा म्हणाला. "मी मागचा ब्रेक दाबला. आधी काहीच नाही, अन् मग एकदम चाक जाम. गाडीचं मागचं अंग बाजूला सरकलं. पाडलं नाही, एवढंच. ड्रमचं हेच आहे मामाजी. त्यातला एक शू फिरत्या ड्रमसोबत स्वतःच ओढला जातो अन् आणखी घट्ट चिकटतो. जेवढं दाबलं तेवढं मिळत नाही, कधी कमी मिळतं, कधी एकदम जास्त. डिस्कमध्ये असं नाही. जेवढा पाय, तेवढा ब्रेक."

इथे भाचा पुस्तकातलं बोलत नव्हता. ड्रमच्या दोन शूंपैकी चाकाच्या फिरण्याच्या दिशेने उघडणारा शू ड्रमबरोबर खेचला जाऊन आपला दाब आपणच वाढवतो. त्यामुळे कमी ताकदीत जास्त ब्रेक लागतो, पण तो ब्रेक पायाच्या जोराच्या सरळ प्रमाणात राहत नाही. डिस्कवर पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीसारखे दाबले जातात, तिथे असा आपोआप वाढणारा जोर नसतो.

मामाजींनी ते मान्य केलं. मग खडू घेऊन फरशीवर आकडे मांडले. शाळा सुटून त्यांना पन्नास वर्षं झाली असतील, पण हा हिशेब त्यांचा पक्का आहे.

गाडी १४५ किलो, चालवणारा ७५, मिळून २२०. उभ्या गाडीचं वजन दोन्ही चाकांवर साधारण निम्मं निम्मं, म्हणजे ११०-११०. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. किती झुकेल, हे गाडीचा भार किती उंचीवर आहे आणि दोन चाकांमध्ये अंतर किती आहे यावर ठरतं. अशा गाडीत उंची अंतराच्या निम्म्याहून थोडी कमी धरली आणि कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक लागला, तर जवळपास ७० किलो मागून पुढे जातात. मागच्या चाकावर उरतात ४० च्या आसपास.

"चाळीस किलोवर टायर किती पकड देईल? तीसच्या आत-बाहेर. त्याच्यावर ब्रेक लावला की चाक जाम होते, मंग तो ड्रम असो का डिस्क असो. तीस किलोचा ब्रेक त्या ड्रममध्ये नाई काय? तू स्वतःच सांगितलं ना, चाक जाम झालं म्हणून."

"पण हा कोरड्या रस्त्याचा हिशेब झाला," भाच्याने खडू हातात घेतला. "चिखलावर टायरची पकडच कमी, म्हणून गाडी हळू मंदावते, म्हणून वजनही पुढे कमी जातं. तीस किलो जाईल. मागच्या चाकावर ऐंशी राहतात. म्हणजे कोरड्यात मागच्या चाकाचं काम जेमतेम पाचवा हिस्सा, चिखलात तिसऱ्या हिश्शाहून जास्त. अन् चिखलात पुढचा ब्रेक दाबायची हिंमत कोणाची होते? पुढचं चाक घसरलं की माणूस खालीच."

या ठिकाणी मला भाच्याचं कौतुक वाटलं. मागच्या ब्रेकला कोणी मोल देत नाही, कारण सगळे हिशेब कोरड्या रस्त्याचे असतात. निसरड्या रस्त्यावर मागचं चाक खरोखरच जास्त भार उचलतं. मागे बायको बसली असेल, तिच्या मांडीवर पोर असेल, तर आणखी जास्त. त्या वजनाचा मोठा भाग थेट मागच्या चाकावर येतो आणि मागच्या ब्रेककडून हवी असलेली ताकद कोरड्यात दीडपटीच्या वर जाते. आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीन माणसांची गाडी असते, हे विसरून चालणार नाही.

मामाजी मात्र हटले नाहीत. "ऐंशी किलो धर. चिखलात पकड किती? कोरड्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे मागच्या चाकाले झेपणारा ब्रेक पंचवीसच्या आतच आला. कोरड्यातल्याहून कमी! हिस्सा वाढला, ताकद नाई वाढली. तुले ताकद नाई पाहिजे बाबू, तुले पाहिजे अंदाज. पाय कुठं थांबवायचा त्याचा."

"तोच तर डिस्कनं मिळतो."

"मिळते. अन् चांगल्या ड्रमनंही मिळते. तुह्या ड्रमनं मिळत नाई, कारण तो चांगला नाई. चाल, उघडून पाहू."

वादाचं खरं वळण हे होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. मामाजींनी रॉडच्या टोकाचा नट सोडला, टॉर्क रॉड मोकळा केला, एक्सल ठोकून काढला आणि ब्रेक प्लेट चाकातून बाहेर ओढली. आत करडी धूळ वाळलेल्या चिखलात मिसळून शूंच्या बुडाशी थिजलेली. शूच्या लायनरचा पुढचा अर्धा भाग काचेसारखा चकचकीत, मागच्या अर्ध्या भागाला ड्रमचा स्पर्शही नीट झालेला नव्हता. शू उघडणारा कॅम हाताने फिरवून पाहिला, तो हललाच नाही. आर्मला पाना लावून जोर दिला तेव्हा आधी अडला, मग एकदम सुटला. भाच्याच्या पायाखाली रोज हेच होत होतं. आधी काही नाही, आणि मग एकदम.

मग मामाजींनी त्याला आर्मवरची ठिपक्याची खूण दाखवली. कॅमच्या दांड्यावर एक ठिपका असतो आणि आर्मवर एक, दोन्ही समोरासमोर हवेत. इथे ते एका दाताने चुकलेले होते. शू झिजले, रॉडचा नट शेवटपर्यंत आवळून झाला, तरी ब्रेक लागेना, तेव्हा कोणी तरी आर्म काढून एक दात पुढे चढवून बसवला होता. ब्रेक पुन्हा लागू लागला, गिऱ्हाईक खूश झालं. पण त्यामुळे दोन गोष्टी बिघडल्या. शू संपत आल्याचं सांगणारा बाण खोटं बोलू लागला. आणि ब्रेक दाबल्यावर आर्म आणि रॉड यांच्यात काटकोन राहायला हवा तो राहिला नाही. काटकोनाच्या पलीकडे आर्म गेला की पाय कितीही जोरात दाबा, कॅमपर्यंत पोचणारा जोर घटत जातो.

भाचा गप्प पाहत होता. मामाजींनी कॅम बाहेर काढून रॉकेलने धुतला, पॉलिश पेपरने पुसला, जास्त उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवलं. जास्त लावलं तर ते वितळून शूवर येतं. ड्रमच्या आतली कडा नखाने तपासली. झिजून तिथे धार उभी राहिली होती, ती उतरवली. आतला व्यास मोजला. १३० चा ड्रम १३१ पर्यंत चालतो, हा त्याच्या आत होता. नवे शू बसवताना त्यांच्या पुढच्या कडा कानसेने किंचित उतरत्या केल्या, म्हणजे ते ड्रममध्ये एकदम चावणार नाहीत. ठिपका ठिपक्यासमोर आणला. शेवटी एक गोष्ट केली ती पुष्कळ गॅरेजवर होत नाही. चाक फिरवून भाच्याला पॅडल दाबून धरायला लावलं आणि ब्रेक दाबलेला असतानाच एक्सलचा नट आवळला. असं केलं की ब्रेक प्लेट ड्रमच्या बरोबर मध्यावर बसते आणि दोन्ही शू सगळीकडून सारखे टेकतात.

"आता दाबून पाह्य."

भाच्याने हाताने चाक फिरवलं, पॅडलवर हळूच पाय ठेवला. चाक हळूहळू मंदावलं आणि थांबलं. त्याने चार-पाचदा तेच केलं. चेहऱ्यावर समाधान होतं, पण हार मानल्याचं काही लक्षण नव्हतं.

"हे सगळं मान्य. पण मामाजी, हे टिकेल किती दिवस? बांधीकाठच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं अन् त्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं. बाहेर निघाल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबून सुकवावं लागतं, तोवर मागे ब्रेक नाहीच. डिस्क उघडी असते, चाकाच्या एक-दोन फेऱ्यांत पॅड पाणी पुसून टाकतात. अन् ड्रममध्ये गेलेला चिखल बाहेर येत नाही, आतच बसून लायनर खातो."

२०२० च्या ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना पाण्यातून गाडी काढणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. एवढा पूर नेहमी येत नाही, पण रपट्यावरून वाहणारं पाणी दर पावसाळ्यात असतं. भाच्याच्या या मुद्द्यावर मामाजींकडे खोडून काढण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांनी तसा आव आणलाही नाही.

"पाण्यात डिस्क चांगली. हे खरं आहे," ते म्हणाले. "पण लोकं म्हणते ना, ड्रम तापून ब्रेक जाते, ते कारण आपल्याले नाई. इथं घाट कुठं आहे? सपाट मुलूख आहे आपला. अन् डिस्कले चिखल लागत नाई असं समजू नको. कॅलिपरच्या पिना चिखलानं धरतात, मंग एकच पॅड काम करते अन् तिरपा झिजते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते, दोन वर्षांत बदलाव लागते. तू पुढच्या डिस्कचं कधी बदललं?"

भाचा काही बोलला नाही. पुढच्या टाकीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं मला उभ्या जागेवरून दिसत होतं. नवं डॉट-४ ब्रेक ऑइल जवळजवळ पारदर्शक, फिकट पिवळं असतं.

"अन् सेटमधलं सामान एकाच गाडीचं आहे हे चांगलं," मामाजी पुढे म्हणाले, "नाई तर पोरं कुठला मास्टर, कुठला कॅलिपर जोडते. मास्टरचा पिस्टन १२.७ चा होता, त्याच्या जागी १४ चा बसवला, तर त्याच पायाच्या जोरात कॅलिपरवर पडणारा दाब जवळपास पाचव्या हिश्शानं कमी होते. पॅडल दगडासारखं लागते. पोरगं म्हणते, वा, काय कडक ब्रेक! कडक नाई तो, कमजोर आहे."

कायद्याची गोष्टही निघाली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

"आरसीवर ब्रेकचा प्रकार लिहिलेलाच नसतो," भाचा म्हणाला. "अन् कंपनीनं स्वतःच नंतर तशी डिस्क दिली ना?"

"दिली. दुसऱ्या गाडीले दिली, तुह्या गाडीले नाई. पंधरा वर्षं झालेली गाडी तुले दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवाच लागते. तपासणाऱ्यानं विचारलं तर काय सांगशील? अन् उद्या कोणाले धक्का लागला अन् विम्याच्या माणसानं पाहिलं, तेव्हा?"

मला वाटतं, कायद्याच्या भाषेत भाचा फट शोधत होता, पण फट सापडली तरी रस्त्यावर त्याचं ओझं त्यालाच वाहावं लागणार. अशा बदलाआधी आरटीओत जाऊन विचारावं, हा मामाजींच्या बोलण्याचा रोख मला रास्त वाटतो.

आता माझं मत. मागची डिस्क वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पूर्ण, सरळ आणि एकाच गाडीचा सेट, तोही बसवणाऱ्याला चेन आणि चाक एका रेषेत आणता येत असेल, तर पाण्यापावसाच्या प्रदेशात ती चांगली सुधारणा आहे. पण जुन्या गाडीला डिस्क लावली म्हणजे आपण नव्या गाडीइतके सुरक्षित झालो, ही समजूत मला धोक्याची वाटते. नव्या गाडीतल्या मागच्या डिस्कबरोबर बहुधा एबीएस असतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं आहे. जुन्या पल्सरला कितीही सामान लावा, चाक जाम होण्यापासून वाचवणारी ती यंत्रणा त्यात येत नाही. चिखलाच्या पट्ट्यावर जाम झालेलं चाक डिस्कचं असलं तरी तेवढंच घसरतं. म्हणून पैशाचा क्रम महत्त्वाचा. आधी टायर, मग पुढच्या ब्रेकचं ऑइल आणि जुनी रबरी नळी, मग ड्रमची नीट दुरुस्ती, आणि यानंतरही पैसे आणि हौस दोन्ही उरली तर डिस्क. भाच्याने हा क्रम उलटा धरला होता. त्याच्या वयाची बहुतेक मुलं तसाच धरतात, कारण टायर आणि ऑइल बदललेलं कोणाला दिसत नाही आणि डिस्क दिसते. यात जीव जातो, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहे.

टायरची आठवण मामाजींनीही काढली. मागच्या टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले होते, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्यांनी ओल्या फडक्याने पुसून ते भाच्याला वाचायला लावले. टायर सात वर्षांचा निघाला. नक्षी शिल्लक होती, पण रबर नखाने दबत नव्हतं.

"हा टायर चिखलात काय पकडणार?" मामाजी म्हणाले. "तू डिस्कचा हिशेब केला, याचा नाई केला."

"याचा खर्च वेगळा पडेल."

"सेटपेक्षा कमी पडते."

भाच्याने मोबाइल काढून नागपूरच्या माणसाला फोन लावला. सेट आठवडाभर ठेवाल का, एवढंच विचारलं. समोरून हो आलं असावं. मग तो मामाजींकडे वळला.

"टायर आज टाकू. पुढचं ऑइलही बदला. ड्रम असाच चालवतो, रोवणी संपेपर्यंत. मग मी स्वतः सांगतो, कमी पडतो का नाही ते."

"अन् कमी पडला तर?"

"तर आपण दोघं नागपूरला जाऊ. चिमटा तुम्ही तपासायचा."

"अन् आरटीओत?"

"तिथं मी जातो."

मामाजींनी गॅरेजवरच्या पोराला हाक मारून पुढच्या मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे स्क्रू सोडायला सांगितले.